न प्यालेली कॉफी

माझा सुवैलिम पाहुण्यांना जुनी दगडी नगरी दाखवतो आणि रात्री वाळवंटात तंबूत उतरवतो. सगळे ज्या कोरीव इमारतीसमोर फोटो काढतात, तिच्या शेजारच्या गुहेत मी त्याला जन्म दिला. त्याची थोरली लेक, नूफ, त्याच दगडांवर बकऱ्यांमागे पळत वाढली. तिला वाटाड्या व्हायचंय. तर हा म्हणतो, "बायकांनी मणी विकावेत. पाहुणे फिरवणं पुरुषांचं काम."

"कड्यावरून बकऱ्या उतरवताना कुठे होते तुमचे पुरुष?" मी विचारलं. तो ऐकेना. या मोसमापासून नूफने मण्यांच्या टपरीवर बसायचं ठरलं, आणि पोरीचं जेवण सुटलं.

त्या संध्याकाळी नॉर्वेची एक वयस्कर बाई आली होती, दिवसभर थडगी बघून दमलेली. शेजारच्या तंबूतले दोघं आणि माझा दीर अवाद शेकोटीशी बसले होते. सुवैलिमने वेलदोड्याची कॉफी ओतली. बाईने नुसता वास घेतला आणि पेला वाळूवर ठेवला.

आमच्यात पाहुण्याने न पिता पेला खाली ठेवला, की त्याला काही मागायचं असतं. सुवैलिमच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "प्या. मागाल ते दिलं."

बाई गोंधळली. नूफने विचारलं, तेव्हा म्हणाली, वासच इतका कडक आहे, घोट घ्यायचं धाडस होत नाही.

सगळे हसले. "चला, सुटलो," सुवैलिम म्हणाला.

"सुटलास कसा? चार माणसांत दिलेला शब्द वाळूत सांडायचा?" मी पेला उचलून माझ्यापुढे ठेवला. "तिला काही नको. मला पाहिजे. उद्या बाईंना वरच्या मंदिराकडे नूफ नेणार. आणि मोसमभर पाहुणे नेणार."

"आई, तू काय पाहुणी आहेस?"

"पाहुणीच. किती दिवस राहिलेत माझे?"

अवाद दाढीत हसला. "दे बाबा. वहिनींचं हे मरणं मी तरणा होतो तेव्हापासून ऐकतोय. त्या मरतही नाहीत आणि सोडतही नाहीत."

सुवैलिमने नूफकडे पाहिलं. ती शेकोटीत काटक्या सारत होती, सारायची गरज नसताना.

"पी, आई," तो म्हणाला. "निवतेय."

सकाळी नूफ पुढे, बाई मागे. सुवैलिम गाढव घेऊन लांबून निघाला, म्हणे बाई थकली तर; त्याच्याबरोबर मीही. बाई काही थकली नाही. अर्ध्या पायऱ्यांवर त्याने गाढव बांधलं आणि दगडावर बसून लेकीचं बोलणं ऐकत राहिला.

"माझ्यापेक्षा बरं सांगते," म्हणाला.

"त्यात काय अवघड आहे," मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारी टेकले.