सोनाजीची जाड विजार

जाड विजार न घालण्यात सोनाजीचा फायदा तिहेरी होता. वैशाखात मांड्या शिजल्या नसत्या, बांधावरून चालताना पाय मोकळे राहिले असते आणि जोडीदार बन्सीचं तोंड बंद राहिलं असतं. तोटा त्याला एकही दिसत नव्हता. तरी तो ती घालायचा, कारण बायकोनं, राजाबाईनं, खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली होती: झाडं कापायचा साखळीचा कटर हातात, तर विजार पायात. बायकोला चकवता येतं, भंडाऱ्याला नाही, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

बिडकीनजवळ आप्पासाहेबांच्या बांधावरच्या बाभळी पाडायच्या होत्या.

"काय सोन्या, गोधडी गुंडाळून आलास? थंडी लई दिसती," फांद्या ओढणारा बन्सी म्हणाला.

"ओढ गुमान. जिभेनं ओढता आल्या असत्या तर एव्हाना वावर साफ झालं असतं."

बाभूळ कापायला लागलं की शेळ्या कुठून कुठून हजर होतात. शेजारच्या वावरातल्या साळूबाईची एक शेळी थेट अर्धवट कापलेल्या फांदीखाली शिरून शेंगा खाऊ लागली. सोनाजीच्या सात पिढ्या शेळ्यामेंढ्यांमागं फिरलेल्या. फांदी तिच्यावर येणार, हे दिसताच तो कुऱ्हाड हातात असल्यासारखा गर्रकन वळला आणि "हुर्र!" करत त्यानं पाय पुढं टाकला. हातात कटर होता, हे पायाला कुठं माहीत! बटणावरचं बोट सुटलं, पण साखळी लगेच थांबत नाही. ती मांडीवर टेकली.

विजार फाटली. साखळी अडकावी म्हणून आत भरलेले पांढरे धागे भसाभसा बाहेर आले, साखळीत गुंतले आणि कटर जागीच अडकला.

बन्सी धावत आला. विजार सोडून मांडी चाचपू लागला.

"रगत?" सोनाजीनं डोळे मिटूनच विचारलं.

"नाय."

"नीट बघ."

"खरचटलंबी नाय, गड्या!"

घरी सोनाजी म्हणाला, "ठिगळ लाव."

राजाबाईनं लोंबणारे धागे बोटावर घेतले. "आडवणारे हेच व्हते. हे गेल्यावर ठिगळ काय आडवणार? नवी आणा. तवर कटर पेटीत."

शेळीनं शेंगा फुकट खाल्ल्या. मांडीला काही द्यावं लागलं नाही. दोन दिवसांचा रोज दोघांचाही बुडाला. बन्सीनं कुणी न मागता नव्या विजारीचे अर्धे पैसे काढले आणि एक दिवसाआड कटर आपण धरणार, असं जाहीर केलं. तेव्हा पैसे अर्धे सोनाजीचे, अर्धे बन्सीचे. विजार दोघांत एकच, पण बन्सीचं पोट मोठं म्हणून माप मात्र त्याचं.