चौकातलं बॅनर

"शिडी जराशी डाव्या अंगाला घे," खालून भैयांचा कार्यकर्ता भारत म्हणाला. "भैयांचं बॅनर बरूबर मधी आलं पायजे."

बन्सीधर शिडीवर होता आणि त्याच्या दातांत सुतळी होती, म्हणून त्याला उत्तर देता आलं नाही. त्याच्या धंद्यातली ही एक सोयच होती. तोंडात सुतळी असली की लोक प्रश्नही आपणच विचारतात आणि उत्तरही आपणच देतात.

"मधी तर तुज्या पोरीचं हाय," भारतनंच पुढं सांगितलं. "ते उतरवून टाक आता. लय दिवस झाले की त्याला."

बन्सीधरनं सुतळी तोंडातून काढली. "संध्याकाळी उतरवतो."

"संध्याकाळी कामून? उद्या सकाळी भैयांचा वाढदिवस हाय."

"आज संध्याकाळी नंबराचं कळणार हाय तिच्या."

भारतनं एकदा बन्सीधरकडं पाहिलं, एकदा बॅनरकडं. "मंजी अजून नंबर लागलाच न्हाई? मग हे अभिनंदन कशाचं केलंय?"

हा प्रश्न गेले काही आठवडे बन्सीधर स्वतःलाही विचारत होता.

राणीसावरगावच्या बसस्टँडसमोर दोन लोखंडी खांब आहेत. गावात कुणाचा वाढदिवस आहे, कोण निवडून आलं, कोण गेलं, हे गावाला आधी त्या खांबांवरून कळतं. गंगाखेडचा प्रीतम बॅनर छापतो, ते गुंडाळी होऊन एसटीनं येतं आणि बन्सीधर ते चौकटीवर ठोकून वर चढवतो. चार दिवसांनी उतरवतोही तोच. उतरवलेलं बॅनर मागेल त्याला मिळतं. कुणी कडब्याच्या गंजीवर टाकतं, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर. गावातल्या निम्म्या गंज्यांवर कुणी ना कुणी पुढारी हात जोडून हसत उताणा पडलेला असतो.

इतक्या वर्षांत बन्सीधरनं सगळ्या गावाचे चेहरे वर चढवले होते. त्याच्या घरातलं तोंड तेवढं कधी तिथं गेलं नव्हतं. त्याला त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. सविताला, म्हणजे बायकोला, तो कधी तसं बोलला नव्हता, पण तिला ते माहीत होतं. श्रद्धांजलीचं बॅनर बांधून आला तरी तो जेवताना म्हणायचा, "फोटो काय झकास आला म्हाताऱ्याचा."

त्याची मुलगी वैष्णवी बारावीनंतर एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षेला बसली होती. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि तेही परभणीच्या कॉलेजात. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले. यंदा बरे पडले, पण पुरेसे पडले की नाही ते फेरीची यादी लागल्याशिवाय कळणार नव्हतं. यंदाही नाही जमलं तर गंगाखेडला बी.ए. आणि मामानं पाहून ठेवलेलं स्थळ, हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. पण ठरलेलं होतं.

कागदपत्रांसाठी ती परभणीला मावशीकडं गेली होती, तेव्हा तिनं फोनवर यादीचा फोटो पाठवला. नाव होतं. नावाखाली तिनं रेघ मारली होती. खरं तर ती गुणवत्ता यादी होती. ज्यानं ज्यानं अर्ज केला आणि जो पात्र ठरला, त्याचं नाव त्या यादीत होतंच. कॉलेज मिळायची गोष्ट अजून पुढं होती. पण बन्सीधरला यादी म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागते ती ठाऊक. तीत नाव आलं की काम झालं, असं सगळं गाव समजतं. घरकुलाच्या यादीत त्याचं नाव येऊन पाच वर्षं झाली होती आणि घरावर अजून जुने पत्रेच होते, तेव्हा हे त्याला गावात सर्वांआधी उमगायला हवं होतं. आनंदात माणसाला घरचे पत्रे आठवत नाहीत.

त्यानं त्याच दिवशी प्रीतमला फोन लावला. प्रीतमनं वैष्णवीच्या आयकार्डावरचा फोटो घेतला, तिला कॉम्प्युटरवर पांढरा कोट चढवला, गळ्यात स्टेथोस्कोप घातला आणि नावाआधी 'डॉ.' लावून टाकलं. बाजूला एक जर्सी गाय उभी केली. खाली शुभेच्छुकांची रांग आली. सरपंच महारुद्र मधोमध, बाकीचे दोन्हीकडं. बॅनरवर फोटो टाकायचा म्हटल्यावर गावात नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

बॅनर बांधताना बन्सीधरनं आणखी एक गोष्ट केली. एरवी तो सुटती गाठ मारतो. टोक ओढलं की सुटते, कारण बॅनर आज ना उद्या उतरायचंच असतं. वैष्णवीच्या बॅनरला मात्र त्यानं पक्क्या गाठी मारल्या, एकीवर एक.

वैष्णवी परभणीहून आली ती याच चौकात एसटीतून उतरली. तिनं वर पाहिलं. मग डोक्यावरची ओढणी पुढं ओढली आणि घरी आली.

"दादा, ही ती यादी न्हाई," ती बापाला म्हणाली. ती रडली नाही, चिडलीही नाही. प्रवासानं नुसती दमलेली दिसत होती. "अजून फेरी व्हायचीय. तेवढं बॅनर उतरवा."

बन्सीधर महारुद्रकडं गेला. न जाऊन चालणार नव्हतं. सरपंचाचा फोटो असलेलं बॅनर त्याला न विचारता उतरवणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखं होतं.

"राहू दे की," महारुद्र म्हणाला. "आज न्हाई तर उद्या लागणारच हाय नंबर. चढवलेलं मधीच उतरवलं तर अपशकुन होतो. अन् इतक्या लोकांची तोंडं हायत त्याच्यावर. लोक काय म्हणतील?"

तेव्हापासून बॅनर वर होतं आणि वैष्णवी ओढ्याकडच्या मागच्या वाटेनं ये-जा करत होती. किराणा आणायलाही ती लांबचा वळसा घेई. चौकातली माणसं बन्सीधरला विचारत, "कवा जायलीय डॉक्टरीण?" तो म्हणे, "जाईल की, चालूच हाय प्रक्रिया." प्रक्रिया हा शब्द त्याला वैष्णवीकडून मिळाला होता आणि तो आता पार झिजला होता. कामानं आलेला थकवा झोपेनं जातो. ही उत्तरं देण्याचा थकवा सकाळी उठल्यावर तसाच उशाशी बसलेला असे.

आणि आज ते बॅनर उतरवायची आपसूक संधी आली होती. भैयांच्या वाढदिवसाच्या बॅनरवरही महारुद्र होता, आणि चांगला मोठा होता. तो स्वतः मोटारसायकलवरून येऊन सांगून गेला, "उतरव खुशाल. माजी काय हरकत न्हाई."

तरी बन्सीधरचा हात वळेना.

दुपारी तो घरी भाकरी खायला गेला. वैष्णवी गोठ्यात होती. रात्रीच्या पावसात गोठ्याचं छप्पर गळलं होतं आणि ती गाईखालचा चिखल फावड्यानं ओढत होती.

"आज सरपंच बी हो म्हणला," बन्सीधर सविताला म्हणाला. "पण म्हणलं, आजचाच दिवस हाय. आज उतरवलं अन् संध्याकाळी नंबर लागला तर?"

"तर लागला," सविता म्हणाली.

"मग परत चढवावं लागंल."

"कामून चढवावं लागंल? बॅनरवर शिकणार हाय का ती?" सवितानं त्याच्या ताटात कालवण वाढलं. "लेकरू तोंड लपवून फिरायलंय, दिसंना का तुमाला?"

त्याला दिसत होतं. पण बॅनर खाली आलं की आपल्याच हातानं तिचं काहीतरी खाली आणलं, असं त्याला होणार होतं. हे सविताला कसं सांगायचं ते त्याला कळलं नाही, म्हणून तो जेवला.

फावडं भिंतीला लावून वैष्णवी दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दादा, लागला तरी उतरवा," ती म्हणाली.

यादी पाचला लागणार होती; त्याआधीच चौकात माणसं जमली. भैयांचं बॅनर चौकटीवर ठोकून खांबाला टेकवून ठेवलं होतं. भारत आणि त्याचे दोस्त घड्याळं बघत होते. आधी त्यांना बॅनरची घाई होती, पण विषय कळल्यावर त्यांनाही नंबराची उत्सुकता लागली. एकानं आपल्याच फोनवर यादीची साइट उघडायचा प्रयत्न केला. चकती नुसती फिरत राहिली. म्हातारा आदिनाथ लिंबाच्या झाडाखाली बसला होता. वैष्णवीचं बॅनर उतरल्यावर आपल्या कडब्यावर टाकायला पाहिजे, असं त्यानं बन्सीधरला आधीच सांगून ठेवलं होतं. कापड जाड होतं.

"उघडंना की हे," फोनवाला म्हणाला.

"सगळा महाराष्ट्र बघायला असंल एकदाच," भारत म्हणाला.

बन्सीधर शिडीच्या खालच्या पायरीवर बसून होता. आयुष्यभर त्यानं लोकांच्या बातम्या वर चढवल्या, पण बातमी यायच्या आधी तिथं थांबायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. पाच होऊन गेले. गंगाखेडची एसटी आली, उभी राहिली, गेली. घरून फोन आला नाही. आपण फोन करावा असं त्याला वाटलं आणि करू नये असंही वाटलं.

मग लिंबाखालून आदिनाथ म्हणाला, "ती बग, आली तुजी पोरगी."

वैष्णवी येत होती. ओढ्याकडून नाही, सरळ पेठेच्या रस्त्यानं, दुकानांसमोरून. ओढणी खांद्यावर होती. पायाला गोठ्यातला चिखल वाळलेला होता. तिला पाहून फोनवाल्यानं फोन खिशात घातला. ती बॅनरखालून चालत शिडीपाशी आली.

"दादा, चढा. मी शिडी धरते."

"कळलं का?"

"कळलं."

"मग?"

"पहिल्या फेरीत न्हाई लागला. परभणीबी न्हाई, उदगीरबी न्हाई." तिनं शिडीचे दोन्ही पाय धरले. "थोडक्यात गेला."

"अन् दुसरी फेरी?"

"हाय दुसरी. जागा लय कमी राहतेत."

बन्सीधरला तिच्या तोंडाकडं बघवेना म्हणून त्यानं वर पाहिलं, तर तिथंही तीच होती आणि हसत होती. तो शिडी चढला.

गाठी सुटेनात. इतके दिवस पावसात भिजून आणि उन्हात सुकून त्या आवळून बसल्या होत्या. त्यानं नखं लावली, दात लावले. खाली सगळे माना वर करून उभे होते.

"काप की सुतळी," भारत हळूच म्हणाला. "ब्लेड देऊ का?"

"नको."

कापली असती तर क्षणात काम झालं असतं. पण लेकीचं बॅनर कापून काढायचं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. तो एकेक गाठ सोडवत राहिला. एक बाजू सुटली, मग त्यानं शिडी हलवली, आणि वैष्णवीनं ती दुसऱ्या खांबाशी पुन्हा धरली. ती मध्येच कुठं गेली नाही. शेवटची गाठ सुटली तेव्हा त्याच्या बोटांतून रक्त आलं होतं आणि भारतनं, कुणी न सांगता, खालून चौकट झेलली.

बन्सीधरनं खिळे उपटून बॅनर चौकटीवरून सोडवलं आणि आदिनाथकडं पाहिलं. त्यानं आधीच मागून ठेवलं होतं, तेव्हा द्यायला हवं होतं.

आदिनाथनं मान हलवली. "ऱ्हाऊ दे बाबा. माजा कडबा झाकलेला हाय."

त्याचा कडबा उघडा होता हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मग भैयांचं बॅनर चढलं. तेही बन्सीधरनंच चढवलं, आणि तेव्हाही शिडी वैष्णवीनंच धरली. काम उरकल्यावर तो शिडी खांद्यावर घेऊन निघाला आणि ती बॅनरची घडी डोक्यावर घेऊन त्याच्या पुढं चालू लागली, पेठेच्याच रस्त्यानं. दुकानात बसलेली माणसं त्यांना पाहून बोलायची थांबत होती. बन्सीधरला रडू येत होतं. पण पुढं चालणारी पोरगी ताठ चालत होती, म्हणून तो रडला नाही.

घरी सविता दारात उभी होती. तिनं दोघांकडं पाहिलं आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. गोठ्यात गाय एका कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, कारण बाकीची सगळी जागा रात्रीच्या गळतीनं ओली होती.

"हे गोठ्यावर टाकू," वैष्णवी म्हणाली.

बन्सीधर शिडी खांद्यावरच घेऊन उभा राहिला.

"टाका दादा. तिनं काय रात्रभर भिजायचं का?"

त्यानं शिडी गोठ्याला लावली. वैष्णवीनं खालून घडी वर दिली. तो उभ्या जन्माच्या सवयीनं छापील बाजू वर करून पसरायला लागला.

"तसं नका टाकू," ती खालून म्हणाली. "तोंड आत करा. उन्हानं रंग उडतो."

तो थांबला. रंग टिकवायचा कशासाठी, हे त्यानं तिला विचारलं नाही. मग त्यानं बॅनर उलटं केलं. छपराच्या फटींतून आता खाली गाईला पांढरा कोट दिसत असणार, आणि महारुद्रासकट सगळे शुभेच्छुक. वैष्णवी चरवी घेऊन गाईखाली बसली होती. वर तिनं पाहिलं नाही. धारेचा आवाज सुरू झाला.

पावसाचे थेंब पडायला लागले तसे बन्सीधरनं चारही कोपरे घाईनं वाशांना बांधले. गाठी मात्र त्यानं सुटत्याच मारल्या.