टाचेची खोबणी

मी जुन्या मोटारीच्या तळाचा पत्रा बोलतोय. चालवणाऱ्याच्या पायाखालचा. छपराचं कौतुक होतं, दिव्यांना फडकं मिळतं; मला मिळायची चपलांची माती. तरी मी मजेत होतो. थट्टेखोराला तळाचीच जागा बरी, आपण कुणाच्या नजरेत येत नाही.

कारखान्यात यंत्राच्या एका ठोशात जन्मलो. मग मालक आला. नवंनवं लग्न, शेजारी बायको, आणि उजवी टाच माझ्यावर. वर्षानुवर्षं ती एकाच जागी टेकवून तो गाडी हाकायचा. शेवटी तिथे वाटीएवढी खोबणी पडली. गाय गोठ्यात जाते तशी टाच आपोआप तिथे जाऊन बसायची.

पुढे मला गंजून भोकं पडली. त्यांचाही मी फायदा उठवला! डबकं आलं की खालून असा फवारा मारायचो, की मालकाच्या मेहुण्याची पांढरी विजार पार चिखल.

"दाजी, गाडी आहे की होडी?"

"फुकट बसलायस ना? मग पोहायला शीक!"

भोकावर डांबर, डांबरावर गालिचा. माणसांची रीतच ही. खाली सडू दे, वर गालिचा घाला. घरातही तेच करतात. गाडीतली भांडणं मी पायाखालून ऐकलीयत.

मालक म्हातारा झाला, गाडी शेडमध्ये धूळ खात पडली. मग त्याचं डोकं विसरायला लागलं. बायकोलाच म्हणाला, "बाई, आपण कोण?"

मुलानं मनावर घेतलं. "आई, गाडी होती तशी करू. आत बसले की बाबांना सगळं आठवेल बघ." त्या एका वाक्यावर आई जगायला लागली.

पोरगा राबला हो, खोटं कशाला बोलू. रंगाची छटा जुळवली, शिटांना तसलंच कापड शोधलं, हॉर्नसुद्धा तसाच भसाडा मिळवला. मग पत्रेकाम करणारा आला. गालिचा उचलून त्यानं नाक मुरडलं. "चाळण झालीय. नवाच टाकू."

आई म्हणाली, "अरे, ती यांच्या टाचेची खोबणी आहे. तेवढा तुकडा राहील का?"

मुलगा हसला. "आई, खड्डा कुणी जपतं का? आणि तळाला कोण बघतंय?"

कटर फिरला. मी शेडच्या दारातल्या गटारावर झाकण म्हणून पडलो. माझ्या जागी नवा पत्रा आला. गुळगुळीत, काळा रंग फासलेला. दिसायला नवरदेव, अनुभवाच्या नावानं शंख.

मालकाला आत बसवलं. रंगाकडे त्यानं पाहिलंही नाही, हॉर्नला दचकला. टाच मात्र खाली उतरून शोधायला लागली. पुढे सरकली, मागे सरकली, घसरली. मी गटारावरून ओरडत होतो, "अहो, इकडे!" पत्र्याचं कोण ऐकतं?

"ही कुणाची गाडी?" म्हातारा घाबरला. "उतरवा मला. परक्याच्या गाडीत बसू नये." मुलाचं तोंड उतरलं.

धरून बाहेर आणताना त्याची टाच माझ्यावर पडली. थेट खोबणीत. म्हातारा थांबला. पाठ ताठ झाली. बायकोकडे वळून म्हणाला, "बस की पटकन. किती नटशील?"

ती बसलीसुद्धा, तिथेच, गटाराच्या कडेला, तोंडावर हात दाबून. त्यानं उजवा पाय दाबला. माझ्यापुढे ना इंजिन, ना चाकं. खाली नुसतं गटार.

"बाबा, सरका तिथून," मुलानं त्याला ओढलं. "धार आहे त्या पत्र्याला. पाय कापेल."

दुसऱ्या दिवशी आई उठायच्या आधीच त्यानं मला भंगारात घातलं. बापाच्या पायाला लागू नये म्हणून! रागानं फेकलं असतं तर निदान शिव्या तरी घातल्या असत्या मी.

आता ढिगात पडलोय. तुम्ही कुणासाठी जुन्याचं नवं करायला काढाल, तर त्याचा पाय कुठे टेकतो ते आधी बघा. बघणार नाही तुम्ही, ठाऊक आहे मला. चला, भट्टीची वेळ झाली. वितळवून माझा नवा पत्रा करणार म्हणे.

गुळगुळीत.