पट्टी मीच काढली

“सर, दार कायम बंदच ठेवायचं असेल, तर दार कशाला? भिंतच बांधा की!”

हा प्रश्न मैत्रिणींनी पैज लावून विचारायला लावला होता. त्या मला भोंगा म्हणतात, म्हणजे माइकची गरजच नव्हती. शाळेत आगीबद्दल सांगायला आलेले तपासनीस मात्र हसले नाहीत.

“भिंतीतून तू बाहेर पडशील का? जिन्याजवळचं हे दार माणसाला जाऊ देतं आणि धुराला अडवतं. म्हणून ते आपोआप मिटलंच पाहिजे. त्याला कधी कशाने अडकवून उघडं ठेवायचं नाही.”

मुली टाळ्या पिटत होत्या आणि मला मात्र आमचंच दार आठवलं. आईबाबांच्या बॅगा शिवायच्या कारखान्यात जिन्याकडचं जाड दार वर्षानुवर्षं पाचर ठोकून उघडं असतं. ती पाचर मीच पाचवीत हस्तकलेच्या तासाला केली होती. तिच्यावर पिवळं फूल रंगवलंय. बाबा येईल-जाईल त्याला दाखवतात, “आमच्या लेकीची कलाकृती!” आणि दुसऱ्याच दिवशी हेच तपासनीस आमच्याकडे वार्षिक तपासणीला येणार होते.

शाळा सुटताच धावत कारखान्यात गेले आणि पाचर उपटली. दार चौकटीपर्यंत आलं नि अडलं. चौकटीतली एक काळी पट्टी सुटून लोंबत होती आणि मध्ये येत होती. भाषण ऐकून मला तज्ज्ञपणाचा झटका आलाच होता. पट्टी टराटरा ओढली आणि कापडाच्या चिंध्यांत फेकून दिली. दार कसं छान मिटलं! मी स्वतःचीच पाठ थोपटली. हात पुरला नाही, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आपलं कौतुक ऐकायला मी तिथेच ठाण मांडून बसले. तपासनीसांनी दार मिटलं, दिवा बंद केला. चौकटीच्या एका कडेला जिन्यातल्या उजेडाची रेघ दिसली.

“इथली पट्टी कुठे गेली? आगीच्या उष्णतेने ती फुगते, फट बुजवते. त्याशिवाय धूर थेट जिन्यात. माणसं उतरणार कुठून? पट्टी बसेपर्यंत मी सही करणार नाही. तोवर आत काम बंद.”

बाबांचा चेहरा पडला. सोमवारी तीनशे बॅगा द्यायच्या होत्या. ते कापड कापणाऱ्या मास्तरांकडे वळले. “तुम्हीच ना? ‘हे दार डोक्याला ताप आहे’ म्हणून रोज कुरकुरता!”

“मी? शेठ, मी कात्रीशिवाय कशाला हात लावत नाही!” मास्तरांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. चौदा वर्षं ते आमच्याकडे आहेत.

शाळेत शंभर जणांसमोर खणखणीत निघालेला माझा आवाज आता उंदरासारखा निघाला. “बाबा, मीच काढली. मला वाटलं, कचरा आहे.”

सगळे माझ्याकडे वळले. मग तपासनीस म्हणाले, “भिंतवाली मुलगी ना तू?”

“फुगायला आमच्याकडे हीच आहे,” आई म्हणाली, “पण फट काही बुजत नाही.”

मास्तर सोडून सगळे हसले. बाबांनी मास्तरांची माफी मागितली, मीही मागितली. मग मास्तरांनी दाराचं काम करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, आजची पूर्ण दुपार लागेल. संध्याकाळी पुन्हा येऊन बघतो, असं तपासनीस सांगून गेले.

शिवणाऱ्या बायका पिशव्या उचलून घरी निघाल्या. एकीने जाता जाता माझा गालगुच्चा घेतला, जरा जोरातच. बाबा हातातल्या पाचरीकडे बघत बसले होते. ती मी काढून घेतली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. ही घरी जाणार. आणि दर शनिवारी हे दार मी तपासणार. नीट मिटतं का, पट्टी जागेवर आहे का, सगळं वहीत लिहून मास्तरांची सही घेणार.” आईच्या भुवया वर गेल्या, तसं मी घाईघाईने जोडलं, “फक्त बघणार. हात लावणार नाही!”