काठोकाठ भरलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी विजेवरची मोटार आहे. माझा रंग पांढरा होता, आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मागचा डावा दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. उद्या मला न्यायला माणसं येणार आहेत, म्हणून आजच सांगून टाकते. फार लांबण लावणार नाही, मला दम लागतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात बॅटरी बसवली, तपासणी झाल्याच्या खडूने सहा खुणा केल्या आणि मला चालू केलं. मी आवाजच करत नव्हते, त्यामुळे चालू झाले की नाही हे तिला दोनदा पाहावं लागलं. पुढे गल्लीतही तेच झालं. शेजारचा शिंपी एकदा माझ्यापुढून निवांत चालत होता. मी अगदी मागे येऊन थांबले, तरी त्याला पत्ता नाही. वळून पाहिलं आणि बिचाऱ्याच्या हातातलं कापड खाली पडलं. तेव्हा माझं काय कौतुक होतं! सगळे येऊन माझ्या काचेत भांग पाडून जायचे.

मला घेतलं ते घरच्या सुनेसाठी. ती फिजिओथेरपिस्ट आहे. आजारपणात ज्यांचे हातपाय रुसून बसतात, त्यांच्या घरी जाऊन ती त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. तिचा नवरा छापखान्यात काम करतो आणि सायकलने जातो. त्यामुळे मी तिची. पण माझी देखभाल मात्र सासऱ्यांकडे होती. त्यांना घरात सगळे बाबा म्हणतात.

बाबांनी सारा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढला. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय पंप बंद करायचा नाही, हा त्यांचा नियम. निवृत्त झाले तरी नियम निवृत्त झाला नाही. सून कोपऱ्यावरून औषध घेऊन आली, तरी ते लगेच वायर घेऊन हजर. मी पूर्ण शंभर टक्के भरले की त्यांच्या जिवाला बरं वाटायचं. मग ते मला ओल्या फडक्याने पुसायचे आणि अंगणात चांगल्या उन्हात उभं करायचे. सावलीत गंज चढतो, असं त्यांचं ठाम मत. मला आतून भाजून निघायचं. पण इतक्या मायेने कुणी वाढलं की नको कसं म्हणायचं?

वर्षं गेली. एका दमात एकशे चाळीस किलोमीटर जाणारी मी, हळूहळू एकाहत्तरावर आले. सुनेची कामं मात्र लांब लांब पसरलेली. सगळ्यात लांब नदीपलीकडचे चित्रकलेचे मास्तर. त्यांचा उजवा हात आणि पाय पक्षाघाताने गेलेला. त्यांच्याकडे जायचं तर येताना वाटेत दीड तास थांबून मला भरावं लागे. ती माझ्यातच बसून डबा खायची. वीज वाचावी म्हणून भर उन्हाळ्यात पंखाही बंद ठेवायची.

घरात नव्या मोटारीचा विषय काढला तो बाबांच्या मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने. नवं मॉडेल एका दमात कितीतरी लांब जातं, असं तो म्हणाला. बाबा चिडले. गाडीला काय धाड भरली आहे, मी तिला एक दिवस उपाशी ठेवलेलं नाही, असं म्हणत उठूनच गेले. सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, चालतंय. हा शब्द मी त्या घरात इतक्यांदा ऐकला आहे की मला त्याचा वीट आला.

मुलाला खोटं ठरवायला बाबा मला मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीने यंत्र लावलं आणि विचारलं, ही कायम पूर्ण भरून उन्हात उभी असते का? बाबा अभिमानाने हो म्हणाले. मिस्त्रीने हात पुसले. मग त्याने समजावलं, की बॅटरी म्हणजे टाकी नव्हे. रोजच्यासाठी ऐंशी टक्के पुष्कळ. रोज काठोकाठ भरून तापत ठेवली की ती लवकर थकते. बाबांचा चेहरा खर्रकन उतरला.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी चूक सुधारायला घेतली. ऐंशी टक्के होताच वायर काढून ठेवली. सुनेला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिनेही काचेवरचा बॅटरीचा आकडा पाहिला नाही. भरायला बाबा असताना निघण्याआधी तिने तो कधी पाहिलाच नव्हता. त्या दिवशी आधी तीन घरं झाली आणि मग ती मास्तरांकडे निघाली.

नदीचा पूल ओलांडला आणि मी थांबले. खूप ओढलं हो स्वतःला, पण नाही झालं. मास्तरांचं घर चार किलोमीटरवर होतं. तिने मास्तरांना फोन केला, कुणी उचलला नाही. ती पिशवी खांद्याला लावून चालत निघाली.

तिकडे मास्तर ठरल्या वेळी तयार होऊन बाहेरच्या खोलीत बसले होते, फोन आत राहिला होता. आज बाईंना दार आपण उघडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. वाट पाहून पाहून ते एकटेच टेबल धरून उठले आणि पडले. ती पोचली तेव्हा ते जमिनीवर बसले होते. धडधाकट होता तो डावा हात मनगटात मोडला होता.

मला दुसऱ्या गाडीला बांधून घरी आणलं. बाबा अंगणातच उभे होते. त्यांनी सगळं सांगून टाकलं, ऐंशीचं आणि आधीच्या इतक्या वर्षांचंही. मला वाटलं, आता ती बोलणार. पण ती माझ्या दाराला टेकून खालीच बसली.

"बाबा, गाडीचं राहू द्या. मी दमलेय. तीन वर्षं चालतंय चालतंय म्हणतेय. नाही चालत."

"मग मला आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही रोज तिला इतकं जिवापाड पुसता. कुठल्या तोंडाने सांगू?"

बाबा तिच्याशेजारी पायरीवर बसले. त्यांच्या गुडघ्यांना ते जमत नाही, तरी बसले. मग म्हणाले, नवी घ्या. मला रडू यायला हवं होतं, पण खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. माझी बॅटरी काढून ती म्हणे कुठल्याशा शाळेच्या दिव्यांना जोडणार आहेत. बरं झालं. एका जागी बसून जमेल तेवढं करीन.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात, जरूर जपाव्यात. पण कशी जपायची ते आधी विचारून घ्या, आणि कुणासाठी आणली होती ते विसरू नका. माझ्यात किती उरलं आहे ते काचेवर आकड्यात दिसतं. तुमच्या घरात दिवसभर राबून येणाऱ्या माणसाच्या कपाळावर असा आकडा नसतो. ते माणूस चालतंय म्हणालं, तरी एकदा जवळ बसून पुन्हा विचारा.