उन्हात ठेवलेला आवाज

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराज, समोर साधा सीडी प्लेअर, आणि हातात सीडी घेतलेल्यांची रांग. कुणाचे वडील त्या सीडीत बोलत होते, कुणाची बायको. सगळ्या सीड्या अडकणाऱ्या. महाराज म्हणत, "आत्मा रुसलाय." मग तीर्थात भिजवलेलं फडकं सीडीवर खसखसून फिरवत, आणि आवाज येई. लोक ढसाढसा रडत.

वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, तिथं मीच नेलं. त्यांची लेक जाऊन चार वर्षं झाली होती. शाळेतली कविता म्हणताना ती मध्येच खुदकन हसते, एवढाच तिचा आवाज एका सीडीत उरला होता, आणि सीडी अडखळत होती. मी रोजचे उपास, जप न चुकवणारी. माझ्या शब्दाला घरात मान.

सीडी वाजली, स्वच्छ. वन्संनी भीतभीतच विचारलं, हिची एक प्रत काढून घेऊ का?

महाराज माइकवरूनच म्हणाले, "आत्म्याची झेरॉक्स काढता होय, ताई? दोन घरी नांदेल कसा तो?"

सभागृह हसलं. मीही हसले.

मग व्रत सांगितलं गेलं: एकवीस दिवस, चकाकती बाजू सूर्याकडे करून सीडी दिवसभर उन्हात ठेवायची, आवाजाला तेज चढेल. व्रत मी मागून घेतलं. रोज अंघोळ करून सीडी खिडकीत मांडली, ऊन सरकेल तशी सरकवली.

बाविसाव्या दिवशी प्लेअरनं सीडी ओळखलीच नाही. महाराज म्हणाले, व्रतात खोट राहिली. एकदा जप करताना माझा डोळा लागला होता. ते मी वन्संना सांगितलं.

शेवटी शाळेत संगणक शिकवणाऱ्या शेजारच्या बाईंकडे सीडी नेली. ती काही केल्या वाजेना. मग त्यांनी माझ्याकडची एक अडकणारी सीडी घेतली, खालच्या बाजूला दात घासायची पेस्ट चोळली, धुऊन लावली. वाजली. "मी तर आज अंघोळही केली नाही," त्या म्हणाल्या. मग समजावलं: प्रकाशाचा बारीक किरण खालच्या पारदर्शक प्लास्टिकमधून जाऊन आवाज वाचतो. चरे असतात त्या प्लास्टिकवर. ते घासून गुळगुळीत केले की किरण पुन्हा नीट पोचतो. महाराजांच्या तीर्थातही असंच पॉलिश असणार.

आणि ऊन? घरी भरलेल्या सीडीत रंगाचा पातळ थर असतो. आवाज म्हणजे त्या रंगावर किरणानं उठवलेले बारीक ठिपके. कडक उन्हात तो रंगच बिघडतो. माझ्या चेहऱ्यावरची शंका पाहून बाईंनी एकसारख्या दोन सीड्या भरल्या, एक कपाटात ठेवली, दुसरी उन्हात. ना जप, ना उपास. काही आठवड्यांनी कपाटातली वाजली, उन्हातली नाही.

मी विचारलं, "म्हणजे व्रतात खोट नव्हती?"

"नव्हती. तुम्ही ते फार चोख केलंत."

हे मी वन्संना जसंच्या तसं सांगितलं. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आता ते हसू आठवावं लागतं, वहिनी. आणि रोज थोडं वेगळंच आठवतं."

माझे उपास आजही चालू आहेत. देवाशी माझं भांडण नाही. पण तुमच्या घरात असा एखादा आवाज असेल, तर आजच त्याच्या दोन प्रती काढा आणि वेगवेगळ्या घरी, सावलीत ठेवा. आणि साध्या प्रश्नाची जिथं टिंगल होते, तिथून उठा. विचारणाऱ्याचा हात धरून उठा.