माळावरचे जाड ठिपके

हातातल्या जीपीएसची नोंद अंतरावर ठेवली, तर ठरावीक अंतर कापल्याशिवाय पडद्यावर ठिपका पडत नाही. थांबलेल्याचं काहीच उमटत नाही. तीच नोंद वेळेवर ठेवली, तर थांबलेल्या जागी ठिपक्यावर ठिपका पडत जातो आणि रेघ तिथं गाठ मारल्यासारखी जाड होते.

वीरधवल सरांनी यंत्र मला दिलं तेव्हा ते अंतरावर लावलेलं होतं. कवठे महांकाळजवळच्या आमच्या माळाला सौर पॅनेलसाठी कुंपण पडणार होतं. माळ कोण वापरतं, याची पाहणी पॅनेलवाल्या कंपनीनं सरांच्या कराडच्या कार्यालयाकडे दिली होती आणि मी तिथं नोकरीला होते. मेंढरं माझ्याच आईवडिलांची. कुंपण पडलं तर पावसाळ्यात त्यांना चरायला दुसरी जागा नव्हती. कुंपणाआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला सरकारी सुनावणी होणार होती.

"पल्लवी, सुनावणीत तू बोलणार का न्हाई?" आई दिवाळीपासून विचारत होती.

"बघू," मी म्हणायचे.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलवताना आमच्यात बायका घोडीवर बिऱ्हाड लादून सडकेनं पुढं जातात आणि चूल मांडतात. पुरुष मेंढरं चारत माळावरून येतात. महागाचं यंत्र हरवू नये म्हणून आप्पांनी, माझ्या वडिलांनी, ते घोडीच्या ओझ्यात घट्ट बांधून टाकलं. पडद्यावर सडकेची सरळ रेघ आली. मी ती सरांना पाठवली. फोनवर सर खूश झाले. "बघ, माळाशी संबंधच नाही यांचा. एवढं पुरे."

"आवं, घोडी लय शानी तुमची," आई आप्पांना म्हणाली. "आता तिलाच इचारून माळ देऊन टाका."

"आगं, मला काय ठावं, त्ये घोडीची वाट लिवत बसंल म्हून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेटिंग उघडलं. नोंद: वेळ. दर मिनिटाला. नवे सेल घातले आणि यंत्र कळपापुढं चालणाऱ्या बकऱ्याच्या गळ्यात बांधलं.

"बकऱ्याला घड्याळ!" आप्पा हसले. "आता दुपारी झोपला तरी पगार मागंल गड्या."

"झोपला तरी लिहिलं जाईल, आप्पा. मला तेच पाहिजे."

संध्याकाळी रेघ माळभर फिरलेली होती. दोन जागी ती चांगलीच जाड होती. एक पाझर तलावाच्या काठी, दुसरी बाभळींखाली, जिथं मेंढरं दुपारभर रवंथ करत बसतात. मी नकाशा सरांना पाठवला. लगेच फोन आला. आई शेजारीच भाकरी थापत होती. मी स्पीकर बंद केला नाही.

"हे काय केलंस? अशानं सेल संपतात, मेमरी भरते. आणि थांबलेले ठिपके म्हणजे कचरा. यंत्र जागच्या जागी भरकटत असतं."

"भरकटतं, सर. चार-पाच मीटर. तलाव त्याहून मोठा आहे."

"पुन्हा अंतरावर लाव. नाहीतर मी कालचीच रेघ अहवालात देतो."

"काल यंत्र घोडीवर होतं. घोडी ओझं वाहत होती, सर. चरत नव्हती."

सर आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघ, उद्या सुनावणी आहे. तू काही खोटं बोलायचं नाहीस. फक्त गप्प बसायचं. नोकरी आहे, घर चाललंय. कळतंय ना?"

आईचा हात भाकरीवर थांबला. बकऱ्याच्या गळ्यातली दोरी सोडता सोडता आप्पांनी मान वर केली. 'बघू' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला.

"नाही सर," मी म्हणाले. "नोंद वेळेवरच राहील. आणि उद्या सुनावणीत मी बोलणार आहे."